सहा कुष्ठरुग्ण, १४ रुपये आणि एक लंगडी गाय : बधिर झालेल्या हातांना बाबा आमटेंनी पुन्हा कामाला कसं लावलं

जुलै महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात गेलात, तर बांध्यांमध्ये रोवणी चाललेली दिसते. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी. उजव्या हाताने त्यातली दोन-तीन रोपं सुटी करायची, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायची आणि चिखलात खुपसायची. दिवसभर हेच. रस्त्यावरून बघणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही.

पण ही चिमूट म्हणजे हाताच्या आत असलेल्या बारीक स्नायूंची कमाल आहे आणि त्या स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या दोन मुख्य नसा आहेत. कोपराच्या मागून जाणारी अल्नर नस निकामी झाली की करंगळी आणि अनामिका वाकड्या होऊन बसतात, चिमटीतला जोर जातो. मनगटातून जाणारी मिडियन नसही गेली, तर अंगठा बोटांसमोर येतच नाही. मग रोप धरता येत नाही, घास धरता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही.

लकवा म्हटलं की आपल्याला मेंदूतली गाठ, वाकडं झालेलं तोंड आणि लुळा पडलेला अर्धा देह आठवतो. पण गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात लुळेपणा आणणारा आणखी एक आजार कित्येक पिढ्या मुक्काम ठोकून आहे. तो म्हणजे कुष्ठरोग. हा चामडीचा रोग आहे असं आपण धरून चालतो. खरं तर तो नसांचा रोग आहे, चामडीवर फक्त त्याची जाहिरात दिसते.

आणि या रोगाने निकामी झालेल्या हातांना पुन्हा कामाला लावण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा प्रयोग याच पूर्व विदर्भात झाला, वरोऱ्याजवळ. तो करणारा माणूस डॉक्टर नव्हता. वकील होता.

मुरलीधर देवीदास आमटे. जन्म २६ डिसेंबर १९१४, गाव हिंगणघाट. घरची जमीनदारी, वरोऱ्याजवळच्या गोरजा गावी मोठी शेती. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत. बाबा हे नाव त्यांना पुढे लोकांनी आदराने दिलं असं अनेकांना वाटतं, पण घरात ते लहानपणापासूनच बाबा होते.

तरुणपणीचे बाबा आमटे आज इन्स्टाग्रामवर असते तर त्यांचे फॉलोअर्स वेगळ्याच कारणासाठी वाढले असते. चौदा वर्षांचे होईपर्यंत हातात स्वतःची बंदूक, रानडुकराची आणि अस्वलाची शिकार. पुढे सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार आणि तिच्या सीटवर बिबट्याच्या कातड्याची गादी. सिनेमाचा नाद इतका की इंग्रजी मासिकात परीक्षणं लिहायचे आणि ग्रेटा गार्बोसारख्या हॉलिवूडच्या नटीशी पत्रव्यवहार करायचे.

नागपूरला वकिलीचं शिक्षण झालं, वरोऱ्यात वकिली सुरू झाली आणि चांगली चालली. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्या लोकांची वकीलपत्रं घेतली. सेवाग्रामला जाणं-येणं वाढलं. त्याच काळात रेल्वेच्या डब्यात एका नवविवाहितेची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांशी ते एकटे भिडले. ही गोष्ट गांधीजींच्या कानावर गेली आणि त्यांनी बाबांना अभयसाधक असं नाव दिलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचाच निकाल लागणार आहे.

१९४६ मध्ये नागपूरच्या घुले घराण्यातल्या इंदू यांच्याशी लग्न झालं. एका लग्नघरात सगळे नटूनथटून मिरवत असताना ही मुलगी गुपचूप जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करत होती, ते बाबांनी पाहिलं आणि ठरवून टाकलं. याच पुढच्या साधनाताई. आनंदवनाच्या कहाणीत त्यांचं नाव नेहमी दुसऱ्या क्रमांकावर येतं, आणि हे काही बरोबर नाही. दोन तान्ही मुलं काखेला घेऊन ज्या माळरानावर त्या राहायला गेल्या, तिथे राहायचं की नाही हा निर्णय एकट्या बाबांचा असूच शकत नव्हता. त्यांचं समिधा हे आत्मकथन वाचलं की ते कळतं.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत बाबा उपाध्यक्ष झाले. सफाई कामगारांची संघटना बांधली, आणि त्यांचं काम काय असतं ते कळावं म्हणून काही महिने स्वतः डोक्यावर मैला वाहिला. हे काम करत असतानाच, एका पावसाळी संध्याकाळी, त्यांना तुळशीराम दिसला.

रस्त्याकडेला गटारात पडलेला माणूस. कुष्ठरोगाच्या शेवटच्या अवस्थेत. हाताला बोटं नाहीत, जखमांमध्ये अळ्या. बाबांनी ते पाहिलं आणि ते घाबरून पळाले. गोऱ्या शिपायांना न भ्यालेला, अस्वलाला न भ्यालेला अभयसाधक एका मरणाला टेकलेल्या माणसाला भ्याला. घरी पोचल्यावर त्यांना जास्त लाज कशाची वाटली असेल, तर याची. ते परत गेले, त्याला पावसापासून आडोसा केला, खाऊ घातलं. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या मनातली भीतीही लगेच गेली नाही. पुढचे कित्येक महिने ती त्यांना कुरतडत राहिली, आणि ती घालवायची असेल तर याच लोकांमध्ये राहायला जावं लागेल, या निष्कर्षावर ते आले.

आता इथे थोडं थांबून हा रोग काय करतो ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं आनंदवन कळत नाही.

नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. या जंतूला थंड जागा आवडते. त्यामुळे तो शरीराच्या गाभ्यात न शिरता त्वचेजवळून जाणाऱ्या नसा गाठतो. कोपर, मनगट, गुडघ्याची बाहेरची बाजू, चेहरा. नसेभोवती जे आवरण असतं त्याच्या पेशींमध्ये तो घर करतो. नस सुजते आणि हळूहळू मरते. आधी स्पर्श जातो, गरम-गार कळेनासं होतं, घाम येईनासा होतो. मग स्नायू जातात. बोटं वाकतात, पाऊल लोंबकळतं, डोळ्याची पापणी मिटत नाही.

आणि वेदना जाते. हे ऐकायला बरं वाटतं, पण सगळा घात तिथेच आहे. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणारे सर्जन पॉल ब्रँड यांना एकदा एक गंजलेलं कुलूप उघडेना. एका रुग्ण मुलाने चावी घेऊन झटक्यात उघडून दिलं. ब्रँड चकित झाले, मग त्यांचं लक्ष खाली सांडलेल्या रक्ताकडे गेलं. मुलाचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. अशा निरीक्षणांमधून १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढे ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात बोटं सडून गळत नाहीत. ती भाजतात, कापली जातात, चिघळतात, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच हाताने काम करत राहतो. बोटं झिजत जातात ती अशी.

म्हणजे कामाने हात टिकतो आणि कामानेच तो संपतो. या कात्रीत बाबांचा प्रयोग सुरू झाला.

आधी त्यांनी अभ्यास केला. वरोऱ्याच्या आसपासच्या गावांत कुष्ठरुग्णांसाठी दवाखाने चालवायला घेतले. मग १९४९ च्या सुमारास कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं प्रशिक्षण घेतलं. डॉक्टर नसूनही. तिथल्या संशोधकांची एक मोठी अडचण होती. हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. आजही वाढत नाही. त्यामुळे औषध तपासायचं कशावर? बाबांनी स्वतःचं शरीर देऊ केलं. जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही, प्रयोग फसला. याचं कारण आता आपल्याला माहीत आहे. बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला मुळातच पुरून उरते. घरात लहान मुलं असताना असं करणं शहाणपणाचं होतं का, हा प्रश्न मात्र विचारायला हरकत नाही.

महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये स्थापन झाली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ सरकारकडून मिळालेल्या खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू झालं. उद्घाटनाला विनोबा भावे आले होते. भांडवल काय, तर सहा कुष्ठरुग्ण, १४ रुपये, एक लंगडी गाय, एक कुत्रा, साधनाताई आणि दोन लहान मुलं, विकास आणि प्रकाश. साप-विंचवांना तर मोजदादच नव्हती.

पहिली गरज पाण्याची. सहा रुग्ण आणि बाबांनी मिळून विहीर खणली. कल्पना करा, ज्यांच्या हातात पकड नाही, ज्यांच्या पायाला दगड टोचलेला कळत नाही, ते लोक कुदळ-फावड्याने कातळ फोडतायत. त्या काळी कुष्ठरुग्णांसाठी आश्रम होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून मोठं काम उभं केलं होतं, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन होतं. पण समाजाच्या मनात या माणसाचं चित्र एकच होतं, कटोरा घेऊन बसलेला. बाबांनी ठरवलं की आनंदवनात भीक चालणार नाही. दानावर जगायची सवय लागली की रोग बरा होऊनही माणूस उठत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं.

ज्याच्याकडे जी हालचाल शिल्लक आहे ती वापरायची, हा आनंदवनाचा हिशेब. एकाचे पाय धड, एकाचे हात धड, एकाचे डोळे धड, मग तिघांनी मिळून एक काम उरकायचं. शेती झाली, गवंडीकाम झालं. पुढे हातमाग आले, छापखाना आला, पत्र्याचे डबे तयार होऊ लागले, अपंगांसाठी तीनचाकी सायकली बनू लागल्या. ज्यांच्या हाताचं शिजवलेलं कोणी खाल्लं नसतं, ते धान्य पिकवून विकू लागले.

विकणं सोपं नव्हतं. आनंदवनाची भाजी घ्यायला वरोऱ्याच्या बाजारात सुरुवातीला कोणी तयार नसायचं. मग पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक इथे बांधकाम करायला आले. गोरी पोरं-पोरी रुग्णांसोबत राहतात, जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं. आपल्याकडे कित्येक गोष्टी बाहेरच्यांनी केल्यावरच पटतात, त्यातलीच ही एक.

आता प्रश्न असा की, या सगळ्याला पुनर्वसनाचं संशोधन म्हणता येईल का? नाही. बाबांनी मोजमापं ठेवली नाहीत, दोन गट करून तुलना केली नाही, शोधनिबंध लिहिले नाहीत. पण ते जे करत होते त्यातला एक मुद्दा न्यूरोलॉजीला बऱ्याच नंतर सापडला, तोही माकडांवरच्या प्रयोगांतून.

अमेरिकेत एडवर्ड टॉब या संशोधकाने माकडाच्या एका हाताची संवेदना शस्त्रक्रियेने तोडली. स्नायू शाबूत होते, हुकूम नेणाऱ्या नसाही शाबूत होत्या. तरी माकडाने तो हात वापरणं सोडून दिलं. सुरुवातीला जमत नव्हतं म्हणून सोडलं, आणि नंतर जमण्यासारखं असूनही सोडलेलंच राहिलं. न वापरणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. टॉब यांनी त्याचा चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा बधिर हात पुन्हा कामाला लागला. हीच युक्ती पुढे लकव्याच्या रुग्णांवर आजमावली गेली. चांगल्या हातात मोजा चढवायचा आणि दिवसातले अनेक तास दुबळ्या हाताकडून खरीखुरी कामं करून घ्यायची. २००६ मध्ये २२२ रुग्णांवरच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीचे निकाल आले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचा हात जास्त सुधारला होता. अट एकच, मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल शिल्लक हवी.

दोन्ही आजारांत फरक मोठा आहे, तो झाकायला नको. लकव्यात बिघाड मेंदूत असतो, कुष्ठरोगात मेंदू ठणठणीत असतो आणि तार तुटलेली असते. मेलेल्या नसेचा स्नायू कितीही विहिरी खणल्या तरी परत येत नाही. त्यासाठी ब्रँड यांनी वेल्लोरला आणि मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी केली तशी शस्त्रक्रिया लागते. जिवंत स्नायूचा कंडरा सोडवायचा, त्याचे चार पदर करायचे आणि चारही बोटांना जोडायचे. प्लास्टर निघालं की खरी परीक्षा सुरू होते. आजवर एकच बोट वाकवणारा स्नायू आता चारही बोटांना मुळापासून वाकवणार असतो, आणि मेंदूला हे नव्याने शिकावं लागतं. आठवड्यांचा व्यायाम, तीच तीच हालचाल, शेकडो वेळा. लकव्याच्या रुग्णाची फिजिओथेरपी आणि ही फिजिओथेरपी इथे एकमेकींना भेटतात.

बधिर हाताला काम द्यायचं तर त्याची राखण डोळ्यांनी करावी लागते. गरम भांड्याला लाकडी मूठ, अवजाराच्या दांड्याला जाड कापड, पायात मऊ रबराची एमसीआर चप्पल, रोज संध्याकाळी हात-पाय पाण्यात भिजवून, तेल लावून, जखम आहे का ते बघणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बोटं वाचतात ती यानेच.

आणि ज्यांच्या घरात कोणाच्या अंगावर बधिर चट्टा असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार म्हणजे एमडीटी आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, जंतू मरतात. नस नव्याने दुबळी होत असेल आणि सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड सुरू झालं, तर गेलेली ताकद परत येण्याची चांगली शक्यता असते. उशीर झाला तर जंतू मरतात, पण बोटं वाकडी ती वाकडीच राहतात. आरोग्य कर्मचारी तुम्हाला दोन बोटांमध्ये कागद धरायला लावून तो ओढून बघतात ना, ते याच नसेची ताकद तपासतात. त्या कागदाला हसू नका.

बाबांकडे परत येऊ. १९६४ मध्ये आनंदवनात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झालं. इमारत रुग्णांनी आपल्या हातांनी बांधली आणि शिकायला आली ती बाहेरची, निरोगी घरांतली मुलं. कुष्ठरुग्णांना गावात परत घ्या म्हणून विनवण्या करण्यापेक्षा गावालाच त्यांच्या दारात आणण्याची ही चाल होती. तरीही एक गोष्ट उरते. आनंदवनात आलेल्या बहुतेकांना घराने परत बोलावलं नाही. हात पुन्हा कामाचे झाले, पण शेताचा वाटा आणि लग्नकार्यातली पंगत परत मिळाली नाही. आनंदवन गावाएवढं मोठं होत गेलं, हे त्याचं यश आहेच. पण ते इतकं मोठं का करावं लागलं, याचं उत्तर बाहेरच्या गावांनी द्यायचं आहे.

१९६७ मध्ये मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प आला, १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसा, जे पुढे प्रकाश आणि मंदा आमटेंनी सांभाळलं. आनंदवनाची धुरा विकास आमटेंकडे गेली. १९८५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, १९८६ मध्ये पद्मविभूषण, १९९० मध्ये टेम्पल्टन. नर्मदेच्या धरणग्रस्तांसाठी पद्म पुरस्कार त्यांनी परतही केले.

या यादीपेक्षा सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. बाबांचा स्वतःचा कणा गेला होता. मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांची झीज इतकी वाढली की शस्त्रक्रिया करूनही त्यांना बसता येईना. उभं राहायचं किंवा आडवं पडायचं, मधलं काही नाही. गळ्यात आणि कमरेला पट्टा. जेवण, लिखाण, पाहुण्यांशी बोलणं, सगळं आडवं पडून नाहीतर उभ्याने. शिल्लक असलेल्या हालचालीवर जगायचं, हा जो हिशेब त्यांनी सहा रुग्णांसोबत मांडला होता, तो आता त्यांना स्वतःला लागू झाला.

१९८५ च्या डिसेंबरमध्ये, वयाची एकाहत्तर वर्षं पुरी होत असताना, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. तरुण पोरं सायकलींवर आणि बाबा गाडीत, पलंगावर आडवे. गाव आलं की उतरायचं, उभ्याने बोलायचं, पुन्हा आडवं व्हायचं आणि पुढे निघायचं. तीन वर्षांनी दुसरी यात्रा, अरुणाचलच्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत. मग नव्वदच्या दशकात नर्मदेच्या काठी कसरावदला मुक्काम, तोही वर्षानुवर्षं, तसाच पलंगावर.

शेवटी ते आनंदवनात परतले. रक्ताचा कर्करोग झाला होता. ९ फेब्रुवारी २००८ ला, वयाच्या ९४ व्या वर्षी, तिथेच गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन केलं नाही. आनंदवनाच्या मातीत त्यांना पुरलं. २०११ मध्ये साधनाताई गेल्या.